पेटी आधी रिकामी करा: लार्जमाउथ बास गरवायला जाण्यापूर्वीची तयारी

लार्जमाउथ बास हा मोठ्या तोंडाचा, गोड्या पाण्यातला शिकारी मासा. तो गरवायला निघायच्या आदल्या संध्याकाळी मी गळ-दोऱ्याची पेटी भरत नाही, रिकामी करतो. सगळी लूर्स, म्हणजे नकली आमिषं, जुन्या चादरीवर ओतायची आणि एकेक उचलून दोनच गोष्टी विचारायच्या: हे पाण्यात किती खोल जातं, आणि तिथे किती सावकाश फिरवता येतं? रंगाचं नंतर बघू. एकाच खोलीवर, एकाच वेगाने चालणारी पाच लूर्स असतील तर चार घरी राहतात. वेगवेगळ्या खोलीवरची सहा-सात नीट चालवता येत असली तर दिवसभराला पुरतात.

पण निवडीआधी पाण्याचा अंदाज हवा, म्हणून साधा थर्मामीटर पेटीत पहिला जातो. बासच्या अंगाचं तापमान पाण्यासारखंच असतं. पाणी १० अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की तो सुस्तावतो, आमिषामागे धावत नाही, अगदी तोंडासमोर रेंगाळलं तरच उचलतो. साधारण १५ ते २० अंशांच्या दरम्यान तो काठाजवळच्या उथळ पाण्यात अंडी घालायला येतो आणि नर घरट्याची राखण करत बसतो. काही ठिकाणी या काळात गरवायला बंदी असते, तेव्हा परवाना काढताना तारखाही बघून घ्याव्यात. मासा सोडायचा की नाही, याचेही नियम जागोजागी उलटे आहेत. अमेरिकेत बास सोडून देणं हा शिष्टाचार मानला जातो. जपानमध्ये हा मासा १९२५ साली आशी तलावात बाहेरून आणून सोडलेला, आणि बिवा सरोवर ज्या शिगा प्रांतात आहे तिथे पकडलेला बास परत पाण्यात सोडायला मनाई आहे. गंमत म्हणजे १९३२ मध्ये जॉर्ज पेरीने जॉर्जिया राज्यात पकडलेल्या २२ पौंड ४ औंसांच्या विक्रमी माशाची बरोबरी २००९ मध्ये मानाबू कुरिताने केली, ती याच बिवा सरोवरात. त्याचा मासा औंसभराने जास्तच भरला होता, पण विक्रम मोडायला दोन औंसांचा फरक लागतो.

आता दोरा. शेवटचा दोन मीटर दोरा दोन बोटांच्या चिमटीतून ओढून बघायचा. कुठे खरखरीत लागला की तिथून सरळ कापायचा. साधा नायलॉनचा दोरा ओढल्यावर ताणला जातो आणि पाण्यात फारसा बुडत नाही, म्हणून पृष्ठभागावरच्या लूर्सना तो बरा. फ्लोरोकार्बनचा दोरा बुडतो आणि पाण्यात कमी दिसतो. तळाशी चालवायच्या आमिषांना मी १२ ते १५ पौंडी (म्हणजे तेवढा भार पेलणारा) फ्लोरोकार्बनच वापरतो. विणलेला दोरा, म्हणजे ब्रेड, जवळजवळ ताणतच नाही, आणि दाट पाणगवतातून मासा उपसायला ५० पौंडांच्या वरचा ब्रेड हवाच. तो रिळाच्या गुळगुळीत स्पूलवर (दोऱ्याच्या चक्रीवर) नुसता गुंडाळला तर सगळा गठ्ठाच घसरून फिरत राहतो, म्हणून खाली नायलॉनचे काही वेढे द्यावेत. ब्रेडला नेहमीची क्लिंच गाठ मारून मी एकदा चांगला जाड बास घालवला आहे. दोऱ्याच्या टोकाला डुकराच्या शेपटीसारखं वेटोळं तेवढं उरलं होतं, म्हणजे गाठ तुटली नव्हती, सुटली होती. तेव्हापासून पालोमार गाठ, आणि आवळण्याआधी थुंकीने ओली करायचीच. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने दोरा तिथेच कमजोर होतो.

रॉड दोन पुरतात. सात फुटी, मिडियम-हेवी ताकदीचा, फक्त टोकाला वाकणारा रॉड जिग (वजनदार डोक्याचा गळ) आणि रबरी अळ्यांसाठी. मध्यापर्यंत वाकणारा मऊ रॉड क्रँकबेटसाठी, म्हणजे ओढलं की पुढच्या पट्टीमुळे खाली बुडी मारणाऱ्या माशाच्या आकाराच्या लूरसाठी. क्रँकबेटचे तीन टोकांचे गळ बारीक असतात, ताठ रॉडने झटका दिला की ते माशाच्या तोंडातून निसटून येतात. बेटकास्टिंग रीळ (फेकताना ज्याचा स्पूलच फिरतो ते) असेल तर लूर बांधून रॉड आडवा धरायचा आणि अंगठा उचलायचा: लूर सावकाश उतरून जमिनीला टेकताच स्पूल थांबला पाहिजे. पुढे फिरत राहिला तर ताणाची चावी आणखी आवळायची. प्रत्येक नव्या वजनाच्या लूरला हे पुन्हा करायचं, नाहीतर पहिल्याच फेकीत दोऱ्याचं घरटं होतं आणि पुढचा अर्धा तास ते सोडवण्यात जातो.

गळाची धार नखावर बघतात. टोक अंगठ्याच्या नखावर अलगद टेकवून ओढा; रुतलं तर ठीक, घसरलं तर कानस घ्या किंवा गळ बदला. जुन्या क्रँकबेटचे गळ बहुतेक वेळा नापास होतात.

लूर्समध्ये पहिला मान रबरी अळीचा आणि टेक्सस रिग नावाच्या जोडणीचा. बंदुकीच्या गोळीसारखं टोकदार वजन दोऱ्यात ओवायचं, खाली ३/० मापाचा, मानेशी वाकवलेला ऑफसेट गळ, आणि गळाचं टोक अळीच्या अंगातच लपवायचं म्हणजे गवतात अडकत नाही. वजन ७ ग्रॅमपासून सुरू करा. शिशाच्या वजनांवर अमेरिकेच्या काही राज्यांत बंधनं आहेत. टंगस्टन महाग, पण शिशापेक्षा बरंच घन असल्यामुळे तेवढ्याच वजनाचा तुकडा लहान होतो आणि तळाचा दगड की चिखल हे हाताला कळतं. चालवताना घाई नको. फेकल्यावर दोरा थोडा सैल सोडून अळी पडू द्यायची आणि नजर दोरा पाण्यात शिरतो त्या जागेवर ठेवायची, कारण बास बहुतेकदा ती खाली पडत असतानाच उचलतो. हाताला टिचकी लागते, कधी तीही लागत नाही, नुसता दोरा बाजूला सरकतो. मग ढिलाई गुंडाळून ताकदीने ओढायचं. पडताना काहीच झालं नाही तर रॉड घड्याळाच्या नऊवरून अकरावर उचलायचा, अळी पुन्हा पडू द्यायची, ढील गुंडाळायची. नवशिक्याला हे फार संथ वाटतं. त्याने अजून संथ करावं. पाणी स्वच्छ आणि मासा बुजरा असेल तर मीठ मिसळलेल्या रबराची जाड काडी-अळी मधोमध गळात टोचून वजनाशिवाय सोडून द्यावी. पडता पडता दोन्ही टोकं थरथरतात, तुम्ही काहीच करायचं नाही. काहीच न करणं हे या खेळातलं सर्वांत अवघड कौशल्य आहे, असं माझं मत आहे.

क्रँकबेटची पट्टी जितकी लांब तितकं ते खोल जातं, आणि दोरा बारीक असेल तर आणखी थोडं खोल. नुसतं मोकळ्या पाण्यात फिरवण्यात अर्थ नाही. खुंटाला, दगडाला, तळाला आपटलं पाहिजे, आणि आपटल्यावर क्षणभर थांबवलं पाहिजे. स्पिनरबेट म्हणजे तारेवर फिरतं पातं बसवलेलं लूर. त्याचं पातं गोल असेल तर ते हळू फिरून जोरात धडधडतं, गढूळ पाण्यात बासला ते अंगावरच्या पार्श्वरेषेने (पाण्यातली कंपनं टिपणाऱ्या रेषेने) जाणवतं. विलोच्या पानासारखं लांबट पातं वेगात लखलखतं, ते स्वच्छ पाण्यासाठी. थंड पाण्यात जर्कबेट घ्या, म्हणजे झटक्यांनी चालवायचं, थांबवलं की ना वर येणारं ना बुडणारं, मध्येच अधांतरी राहणारं लूर: दोन झटके, मग विराम. पाणी जितकं थंड तितका विराम लांब, दहा सेकंदांपर्यंतही.

लिलीची पानं पसरलेली असतील तर पोकळ रबरी बेडूक. पानांवरून टुकूटुकू आणायचा. खालून बासने झडप घातली की पाणी उसळतं आणि हात आपोआप झटका देतो, तो आवरायचा. वजन हाताला लागल्यावरच ओढायचं.

रंगांवर थोडक्यात: बासच्या डोळ्यात दोनच प्रकारचे शंकू (रंग ओळखणाऱ्या पेशी) असतात, लाल आणि हिरव्याला जागणारे. स्वच्छ पाण्यात हिरवट-तपकिरी, गढुळात काळा-निळा, आणि मासळीच्या थव्यामागे बास असेल तर पांढरा. एवढ्यावर माझा निभाव लागतो.

शेवटी भरणी. रबरी अळ्या आपापल्या पिशव्यांतच राहू द्या. एका उन्हाळ्यात त्या क्रँकबेटच्या कप्प्यात राहिल्या आणि रंगासकट दोन्हींचा चिकट गोळा झाला. फाटलेल्या अळ्यांसाठी रिकामी डबी ठेवा, पाण्यात टाकलेल्या अळ्या मासे गिळतात. ध्रुवीकरण करणारा चष्मा घ्या, तो पाण्यावरची चमक कापतो आणि उडून आलेल्या गळापासून डोळाही वाचवतो. मासा धरण्याआधी हात ओला करायचा, आणि मोठा असेल तर नुसत्या जबड्यावर आडवा न लोंबवता दुसरा हात पोटाखाली घालायचा. लांब टोकाची पक्कड मी सगळ्यात शेवटी, सगळ्यात वर ठेवतो. गळ घशात रुतलेला असताना पेटी उपसत बसलं तर मासा तेवढा वेळ पाण्याबाहेर राहतो.