थंडी सरता सरता पोरांच्या हातून गिलके-भोपळ्याची रोपं करून घ्या

राम राम मंडळी. संक्रांत होऊन गेली, दुपारचं ऊन आता चटका देतंय पण जळगाव-धुळ्याकडे पहाटेचा गारठा अजून आहेच, आणि गिलके (घोसाळी), भोपळा, कारलं, काकडी यांचं बी असल्या गार मातीत टाकलं की उगवायला खूप दिवस लावतं नाहीतर सडून जातं. बरं थंडी जायची वाट बघावी तर मार्चनंतर ऊन असं तापतं की कोवळं रोप जीवच धरत नाही. म्हणून रोपं आत्ताच घरात करा, आणि हे काम पोरांकडेच द्या, खूप जीव लावून करतात.

बी घरचं राखलेलं घ्या. पाकिटातल्या लाल-निळ्या रंगाच्या बियाण्याला औषध चोळलेलं असतं, ते पोरांच्या हाती अजिबात नको. दहा बिया मोजून रात्रभर कोमट पाण्यात भिजवा, कारल्याचं कवच टणक असतं त्याला पूर्ण 24 तास द्या. मग ओल्या सुती फडक्यात बांधून डब्यात ठेवा, रात्री डब्याला जुनी गोधडी गुंडाळा. फडकं ओलसर हवं, पिळलं तर पाणी गळायला नको. चार-पाच दिवसांत बीच्या टोकातून पांढरं मूळ निघतं. दहातल्या आठ फुटल्या म्हणजे उगवण 80 टक्के, पोरांना टक्केवारीचं गणित तिथंच समजतं. पाच-सहाच फुटल्या तर प्रत्येक कपात दोन-दोन बिया टाका.

दुधाच्या पिशव्या, चहाचे कागदी कप काहीही चालतं, खाली भोक मात्र पाडा. आपली काळी माती नुसती भरू नका, ती पाणी धरून बसते आणि सुकली की घट्ट होते, तिच्यात तेवढंच कुजलेलं शेणखत आणि थोडी वाळू मिसळा. मूळ खाली करून बोटाच्या अर्ध्या पेराएवढं खोल लावा. रोप वर येताना बीचं टरफल टोपीसारखं डोक्यावर घेऊन येतं, पोरं ते ओढायला जातात, ओढलं की पानं तुटतात. ओलं बोट लावा, मऊ पडून आपोआप सुटतं.

एक कप मुद्दाम अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा. नवरात्रातल्या घटाचं धान पिवळं का पडतं हे पोरांना आठ दिवसांत दिसेल, उजेडाशिवाय पानात हिरवेपणा तयार होत नाही. बाकीचे कप खिडकीत, रोज फिरवत रहा, आम्ही गेल्या साली फिरवले नाही तर सगळी रोपं एका बाजूला वाकून लांबुळकी झाली.

बीतून निघालेल्या पहिल्या दोन जाड पानांनंतर दोन-तीन खरी पानं आली की चार दिवस सकाळचं ऊन दाखवा, पाणी जरा कमी करा, आणि महाशिवरात्रीच्या आसपास संध्याकाळी मातीचा गोळा न फोडता लावा, वेलवर्गाची मुळं फार नाजूक असतात. पहिले दोन-तीन दिवस दुपारी पऱ्हाट्यांची, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांची, सावली करा, पुढे वेल चढवायला त्याच पऱ्हाट्या कामाला येतात.