इंट्राडेसाठी लाइव्ह भाव: कुठून घ्यायचा आणि ताजा आहे का ते कसं तपासायचं

स्क्रीनवर आकडा हलतोय म्हणजे तो आत्ताचाच असं धरून चालू नका. पंधरा मिनिटं मागचा भावही तसाच लाल-हिरवा होत राहतो. पोर्टफोलिओ बघणाऱ्याला त्याने काही बिघडत नाही. इंट्राडेत, म्हणजे त्याच दिवशी घेऊन विकताना, दहा मिनिटांत सौदा उरकणाऱ्याचं मात्र सगळंच बिघडतं.

एनएसई-बीएसईचा लाइव्ह भाव मिळवायचा साधा मार्ग म्हणजे आपल्याच ब्रोकरचं ॲप किंवा वेब टर्मिनल. ब्रोकर एक्स्चेंजचं फीड, म्हणजे भावांचा सतत येणारा प्रवाह, घेतो आणि ते खात्यासोबतच मिळतं, सहसा वेगळे पैसे पडत नाहीत. एक्स्चेंजची वेबसाइट पडताळणीसाठी उघडी ठेवा, पण सौदा तिच्यावर बघून करू नका. तिथलं पान आपोआप ताजं होईलच याचा भरवसा नाही. गुगल शीटमधल्या गुगलफायनान्स फंक्शनचे भाव २० मिनिटांपर्यंत मागे असू शकतात, हे गुगल स्वतःच सांगतं. ट्रेडिंगव्ह्यू या चार्टच्या वेबसाइटवर शेअरच्या नावाजवळ छोटा इंग्रजी ‘डी’ दिसला, तर तो भाव उशिराचा आहे. तिथे चार्टचा अभ्यास करा, ऑर्डरचा भाव ब्रोकरकडूनच घ्या. टेलिग्रामवर येणाऱ्या स्क्रीनशॉटला लाइव्ह भाव म्हणायचं काही कारण नाही.

आता तपासणी. फोन आणि कॉम्प्युटर दोन्हीची वेळ ऑटोमॅटिकवर ठेवा. ब्रोकरच्या ॲपमध्ये रिलायन्स किंवा एचडीएफसी बँकेसारखा, सतत सौदे होणारा शेअर उघडून डेप्थमध्ये, म्हणजे वेगवेगळ्या भावांना उभ्या असलेल्या खरेदीदार-विक्रेत्यांच्या यादीत, जा. तिथे एलटीपी, म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव, आणि बहुतेक ॲपमध्ये एलटीटी, म्हणजे त्या सौद्याची वेळही दिसते. ती घड्याळाशी ताडून बघा. एक-दोन सेकंदांचा फरक चालतो. पाच-सहा सेकंदांचा फरक टिकून राहिला तर आधी वायफाय बंद करून मोबाइल डेटावर बघा, मग ॲप पूर्ण बंद करून पुन्हा उघडा. ही चाचणी स्मॉलकॅपवर, म्हणजे छोट्या कंपन्यांच्या शेअरवर, करू नका. तिथे दोन-दोन मिनिटं सौदाच होत नाही, त्यामुळे फीड ठणठणीत असूनही एलटीटी जुनाच दिसतो.

फीड ताजं असलं तरी किरकोळ ग्राहकाच्या ॲपमध्ये प्रत्येक सौदा येत नाही. येतात ते सेकंदाला एक किंवा काही मोजके स्नॅपशॉट. दोन स्नॅपशॉटच्या मधे एखादा सौदा वर होऊन भाव परत खाली आला, तर तो निसटतो. एकाच शेअरची एक मिनिटाची कँडल (चार्टवरची त्या मिनिटातल्या भावांची पट्टी) दोन ॲपवर थोडी वेगळी दिसते ती यामुळेच, कोणी फसवतंय म्हणून नव्हे. स्टॉपलॉसचा, म्हणजे तोटा ठरावीक भावाला थांबवणाऱ्या ऑर्डरचा, ट्रिगर मात्र एक्स्चेंजमध्ये प्रत्यक्ष सौद्यावर लागतो. आपल्या चार्टवर त्या भावाला कँडल शिवलेली नसतानाही स्टॉपलॉस उडाला, तर आधी हे आठवा.

सगळ्यात जास्त पैसे जातात ते एलटीपीलाच खरेदीचा भाव समजल्यामुळे. एलटीपी म्हणजे होऊन गेलेला सौदा. आपल्याला मिळणारा भाव डेप्थच्या विक्रीच्या बाजूला असतो. समजा एलटीपी ४१२.३० आहे आणि विक्रेते असे उभे आहेत: ४१२.४५ ला १२० शेअर, ४१२.६० ला ६०, ४१२.९५ ला २००, ४१३.२० ला ३१०. आपण ५०० शेअरची मार्केट ऑर्डर (मिळेल त्या भावाला खरेदी) टाकली, तर पहिल्या तीन पायऱ्या पूर्ण संपतात आणि चौथीतून १२० शेअर उचलले जातात. एकूण २,०६,४२४ रुपये, म्हणजे सरासरी ४१२.८५ च्या आसपास. एलटीपीने हिशेब केला असता तर २,०६,१५० झाले असते. सौदा सुरू व्हायच्या आतच २७४ रुपये गेले, आणि ब्रोकरेज-कर अजून बाजूलाच आहेत. म्हणून वॉचलिस्टमध्ये एलटीपीसोबत बिड (खरेदीदाराचा भाव), आस्क (विक्रेत्याचा भाव) आणि व्हॉल्यूमचे कॉलम लावा, आणि आपली संख्या पहिल्या दोन पायऱ्यांत मावत नसेल तर लिमिट ऑर्डरच, म्हणजे कमाल भाव आपण ठरवून दिलेली, टाका.

लिमिटचा भाव टिक साइजमध्ये, म्हणजे भाव कमीत कमी जेवढ्याने हलू शकतो त्या पायरीत, बसायला हवा. एप्रिल २०२५ पासूनच्या टप्प्यांप्रमाणे एनएसईवर २५० रुपयांखालच्या शेअरला १ पैसा, २५० ते १,००० ला ५ पैसे आणि १,००० ते ५,००० ला १० पैसे अशी टिक आहे. म्हणजे १,८४२.३५ ची ऑर्डर रिजेक्ट होते, १,८४२.४० ची जाते. धावत्या बाजारात हे कळेपर्यंत भाव पुढे गेलेला असतो.

एनएसई आणि बीएसई यांचे भाव वेगळे, डेप्थ वेगळी. चार्ट एनएसईचा आणि ऑर्डर बीएसईवर, ही चूक सर्च करून पहिलं नाव टॅप करण्याच्या सवयीने होते. वॉचलिस्ट बनवतानाच नावापुढचं एक्स्चेंज बघून घ्या. दहा-पंधरा स्क्रिप (शेअर) पुरेत. पन्नास भरल्या तर डोळा कशावरच ठरत नाही. ‘बदल %’ हा आकडा आदल्या दिवसाच्या बंद भावावरून निघतो, त्यामुळे बोनस शेअर किंवा स्प्लिटच्या (शेअरचे तुकडे होण्याच्या) एक्स-डेटला, म्हणजे भाव त्या प्रमाणात कमी होतो त्या दिवशी, काही ठिकाणी शेअर ५० टक्के पडल्यासारखा दिसतो. घाईने ‘स्वस्त’ म्हणून उचलण्याआधी कंपनीच्या घोषणा बघा.

सकाळी ९ च्या आतच लॉगिन आणि टीओटीपी (ऑथेंटिकेटर ॲपमधला दर काही सेकंदांनी बदलणारा कोड) उरकून घ्या. ९ ते ९:१५ या प्री-ओपनमध्ये, म्हणजे बाजार उघडण्याआधीच्या सत्रात, दिसणारा भाव सुरुवातीला फक्त अंदाज असतो. ऑर्डर येतात, रद्द होतात आणि तो हलतो. ऑर्डर घेणं ९:०८ च्या सुमारास थांबलं की तो ठरतो. गिफ्ट निफ्टी हा गांधीनगरच्या गिफ्ट सिटीतला, निफ्टी निर्देशांकावरचा वायदा (फ्युचर) आहे. त्यावरून दिशेचा अंदाज घ्या, भाव नाही. ९:१५ नंतरची पहिली काही मिनिटं सर्व्हरवर सर्वाधिक ताण असतो, त्यामुळे एलटीटीची चाचणी तेव्हा एकदा आणि ९:३० ला पुन्हा करा.

दिवसभरात फीड गपचूप अडकतं ते बहुतेक वेळा फोनमुळे. बॅटरी सेव्हर मागे गेलेल्या ॲपचं कनेक्शन तोडतो. पुन्हा उघडल्यावर क्षणभर जुनाच आकडा दिसतो, आणि त्याच क्षणी ऑर्डर गेली तर घोटाळा होतो. ट्रेडिंग ॲपला बॅटरी सेव्हरमधून वगळा आणि उघडल्यावर एलटीटी बदलेपर्यंत थांबा. वॉचलिस्टमधला एकच शेअर थिजला असेल तर तो सर्किटला, म्हणजे दिवसाच्या भाव-मर्यादेला, लागलाय का बघा: डेप्थची एक बाजू पूर्ण रिकामी दिसेल. सगळेच एकदम थिजले तर दोष कनेक्शनचा. अशा वेळी भाव दुसऱ्या कंपनीच्या सिमवरून, दुसऱ्या ब्रोकरच्या ॲपमध्ये बघा. पोझिशन, म्हणजे उघडा राहिलेला सौदा, मात्र पहिल्याच ब्रोकरकडे बंद करावी लागते, म्हणून त्याच्या कॉल-अँड-ट्रेडचा (फोनवरून ऑर्डर देण्याच्या सोयीचा) नंबर आणि आपला क्लायंट कोड कागदावर लिहून टेबलाशी ठेवा.