आपल्या गावचा पाऊस मोजावा कसा आणि सांगावा कसा

२७ जुलै २००५ रोजी सकाळी साडेआठ वाजता संपलेल्या २४ तासांत मुंबईतील सांताक्रूझ येथे ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, तर त्याच शहरातील कुलाब्याला जेमतेम ७३ मिलिमीटर पाऊस पडला. मोठ्या शहरात दोन टोकांना असा फरक पडतो, आणि वळवाच्या दिवसांत तर एकाच गावच्या शिवारात ओढ्याच्या अलीकडे पाणी साचते आणि पलीकडे नुसती धूळ उडते. राज्यात महावेध प्रकल्पाची स्वयंचलित हवामान केंद्रे महसूल मंडळनिहाय आहेत. पण एका मंडळात अनेक गावे येतात. म्हणून आपल्या दारात किती पडला, हे ज्याला नेमके सांगायचे आहे, त्याने तो दारातच मोजावा.

बाजारात प्लॅस्टिकचे तयार पर्जन्यमापक मिळतात. घरीच करायचा असेल तर १६ सेंटिमीटर व्यासाचे खोल नरसाळे आणि ५ लिटरचा कॅन पुरेसा आहे. अशा नरसाळ्याच्या तोंडाचे क्षेत्रफळ सुमारे २०० चौरस सेंटिमीटर भरते, त्यामुळे कॅनमध्ये जमलेले दर २० मिलिलिटर पाणी म्हणजे १ मिलिमीटर पाऊस, असा सोपा हिशेब बसतो. हा कॅन २५० मिलिमीटरपर्यंत पुरतो. कोकणात आणि घाटमाथ्यावर राहणाऱ्यांनी मात्र याहून मोठा कॅन घ्यावा किंवा मुसळधारेच्या दिवशी संध्याकाळीही एकदा पाणी मोजून ठेवावे. थोडे पाणी मोजायला औषधाची सिरिंज उत्तम. उथळ नरसाळ्यातून टपोरे थेंब आदळून बाहेर उडतात आणि नोंद कमी येते, म्हणून नरसाळ्याची कड उभी असावी. वर रुंद आणि खाली निमुळती होणारी बादली ठेवून तिच्यातील पाण्याची उंची पट्टीने मोजणे ही सर्वांत जास्त आढळणारी चूक आहे, कारण त्या उंचीचा आणि पावसाच्या आकड्याचा थेट मेळ बसत नाही.

मापक कुठे ठेवला यावर निम्मी अचूकता अवलंबून असते. पागोळ्या गळतात तिथे आणि झाडाखाली तो ठेवू नये. भिंत किंवा झाड जितके उंच, त्याच्या किमान दुप्पट अंतर मोकळे सोडावे. नरसाळ्याचे तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंटिमीटर उंच आणि अगदी सपाट पातळीत असावे, म्हणजे खालचे शिंतोडे आत येत नाहीत. फरशीपेक्षा माती किंवा गवत बरे. गच्चीवर कठड्यालगत वारा वळसे घेतो आणि थेंब बाजूला नेतो, तेव्हा गच्चीवरच ठेवायचा असेल तर कॅन मधोमध ठेवून चारी बाजूंनी विटा लावाव्यात.

नोंद रोज सकाळी साडेआठलाच घ्यावी, कारण हवामान खात्याचा पावसाचा दिवस तेव्हा संपतो आणि आपला आकडा त्यांच्या आकड्याशेजारी ठेवता येतो. काल सायंकाळी पडलेला पाऊस आजच्या तारखेखाली लिहिला जातो, हे घरातील सर्वांना एकदा समजावून सांगावे, नाहीतर वहीत दोन जणांच्या दोन तारखा होतात. कोरड्या दिवशी शून्य लिहावे. परगावी जाऊन आल्यावर साचलेला आकडा अंदाजाने वाटून न टाकता 'एकत्रित' असा शेरा मारून लिहावा.

वळवाचे वादळ मात्र नुसत्या मिलिमीटरमध्ये मावत नाही. दुपारभराच्या उकाड्यानंतर क्षितिजावर काळेभोर ढग उभे राहतात, वारा अचानक पडतो आणि मग ढगातून खाली कोसळणाऱ्या थंड हवेचा पहिला सोसाटा पाचोळा नि धूळ घेऊन येतो. पाऊस बहुधा त्याच्यामागून येतो. या सोसाट्याची वेळ, पहिल्या सरीची वेळ आणि पाऊस थांबल्याची वेळ या तीन वेळा लिहिल्या तर वादळाची बरीचशी कहाणी हाती लागते. वाऱ्याची दिशा लिहिताना तो कुठून आला ते लिहावे. जोर सांगण्यासाठी 'भयंकर' लिहिण्याऐवजी त्याने काय केले ते लिहावे: डहाळ्या मोडल्या, की पत्रे उडाले, की मुळासकट झाड गेले. गारांचे छायाचित्र दहा रुपयांच्या नाण्याशेजारी घ्यावे. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर असल्याने आकार कोणालाही ताडता येतो.

विजेचे अंतर काढायला चमक आणि कडाडणे यांमधील सेकंद मोजून तीनाने भागावे. उत्तर साधारण किलोमीटरमध्ये मिळते. हे अंतर १० किलोमीटरच्या आत आले की मोजणे थांबवून पक्क्या घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे विजेचा इशारा देणारे 'दामिनी' अॅप सोबतीला ठेवावे. मापक रिकामा करण्याची घाई अशा वेळी कोणी करू नये, पाणी कुठे जात नाही.

इतरांना कळवताना ठिकाण, वेळ, आकडा आणि पावसाचा प्रकार इतके दिले तरी पुरे. प्रकारासाठी आपल्याकडे शब्दांची चणचण नाही: भुरभुर, रिपरिप, संततधार, चार-पाच दिवसांची झड, अधूनमधून येणारी सर. ४० मिलिमीटर झडीत पडले तर रानात मुरतात आणि अर्ध्या तासात पडले तर बांध फोडून जातात, त्यामुळे आकड्यासोबत हा शब्द हवाच. 'ढगफुटी' हा शब्द मात्र हल्ली प्रत्येक जोरदार सरीला चिकटवला जातो. तासाभरात १०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडल्याशिवाय तो वापरू नये. २४ तासांत ६५ मिलिमीटरहून अधिक पाऊस ही सरकारी हिशेबातील अतिवृष्टी होय, पण मदतीचा निर्णय मंडळातील अधिकृत आकड्यावर होतो, आपल्या वहीवर नव्हे.

वहीत नक्षत्राचा एक रकाना जरूर ठेवावा, कारण घरातील वडीलधारी मंडळी 'मृग कोरडा गेला', 'हस्ताने झोडपले' अशाच खुणेने जुने पाऊस सांगतात आणि त्यांच्या आठवणी तारखांशी जुळवता येतात. शेवटच्या रकान्यात १ जूनपासूनची बेरीज लिहीत जावी. ती ७५ ते १०० मिलिमीटरवर पोहोचली की कुदळीने माती उकरून वीतभर ओल गेली आहे का ते पाहावे, वाफसा, म्हणजे चिखल नाही पण ओल आहे अशी जमीन, येऊ द्यावा आणि मगच पाभर, म्हणजे पेरणीचे अवजार, रानात काढावी.