एक्साइटबाइक: इंजिन सांभाळा, उडी साधा

निन्टेन्डोच्या १९८४ सालच्या या बाइक शर्यतीच्या व्हिडिओ गेममध्ये ए बटणाने साधा वेग मिळतो, बीने टर्बो, म्हणजे जास्तीचा वेग. बी दाबून ठेवलं की खालची तापमानाची पट्टी भरत जाते. ती पूर्ण भरली की बाइक बंद पडते आणि इंजिन थंड होईपर्यंत बाकीचे पुढे निघून जातात. म्हणून पट्टी भरत आली की ए वर या. ट्रॅकवरच्या बाणांवरून गेलात तर इंजिन लगेच थंड होतं. बाण दिसला की त्याच्या आधी बी बिनधास्त वापरा.

खरी मेख उडीत आहे. हवेत डावीकडे दाबलं की पुढचं चाक उचलतं, उजवीकडे दाबलं की खाली येतं. उतारावर टेकताना दोन्ही चाकं उताराला समांतर हवीत, नाहीतर आपटलातच. पडलात तर बटणं भराभर दाबा, स्वार लवकर बाइकपाशी पोहोचतो. आणि दुसऱ्याच्या मागच्या चाकाला आपलं पुढचं चाक कधीच लागू देऊ नका.