सर्व्हरच्या आधी विचारपूस

रविवारी सकाळी साडेनऊच्या सुमारास आमच्या ओसरीत दहा-बारा जण जमतात. दारव्हा, दिग्रस, नेर, एखादा आर्णीकडचा. कुणी बीसीए झालेलं, कुणी पॉलिटेक्निक. दोघं-तिघं पुण्या-नागपुरात सपोर्टची नोकरी करतात आणि पोळ्याला, दिवाळीला गावी आले की हटकून येऊन बसतात. विषय एकच: मोठ्या संस्थेची ई-मेल व्यवस्था कशी आखायची. पहिल्या रविवारचा प्रश्नही दरवेळी तोच असतो. "दादा, सर्व्हर कोणता घ्याचा ते सांगा ना जी."

चौथ्या रविवारपर्यंत मी याचं उत्तर देत नाही. मुलं चुळबुळ करतात, पण माझा नाइलाज आहे. सर्व्हरचं नाव आधी कळलं की माणूस प्रश्न विचारायचं थांबतो, आणि या कामात विचारपूस हेच निम्मं काम आहे. मला हे उशिरा कळलं, तेही एका वाईट रात्री.

तेव्हा मी पुण्यात होतो. पासवर्ड रीसेट कर, आउटलुकचं प्रोफाइल बनवून दे, असं करत करत चौथ्या वर्षी मेल सर्व्हरची जबाबदारी मिळाली होती. एक्सचेंजच्या, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या मेल सर्व्हरच्या, कमांड तोंडपाठ होत्या. रात्री दोनला फोन आला, मेल बंद. लॉगिन करून पाहिलं तर मेलचा डेटाबेस डिसमाउंट झालेला, म्हणजे बंद पडलेला, आणि लॉगची डिस्क काठोकाठ भरलेली. एक्सचेंज प्रत्येक बदल आधी लॉगमध्ये लिहितं, मग डेटाबेसमध्ये. एक लॉग फाइल १ एमबीची. पूर्ण बॅकअप नीट पार पडला की जुन्या लॉग फाइल आपोआप निघून जातात, नाही पडला तर साचत राहतात. आमचा बॅकअप अकरा दिवस झालाच नव्हता. त्याची सूचना रोज मेलवर जात होती, पण ज्याच्या मेलबॉक्सवर जात होती तो माणूस नोकरी सोडून गेलेला.

अशा वेळी लॉग फाइल हातानं उडवून टाकायचा मोह फार होतो. तो आवरा. डेटाबेसमध्ये अजून न उतरलेला बदल त्यातच असू शकतो. मी डिस्क वाढवून घेतली आणि पहाटे डेटाबेस वर आला. मधल्या काळात साहेबांनी फोनवर एवढंच विचारलं होतं, "किती वेळ लागेल?" मला सांगता आलं नाही. डिझाइनची फाइल उघडली. तिच्यात सर्व्हरचं मॉडेल होतं, लायसन्सचे आकडे होते, रॅकचं छान रेखीव चित्र होतं. मेल किती तास बंद राहिली तर संस्थेला चालेल, किती वेळाचा डेटा गेला तर चालेल, बॅकअप फसला तर कोण बघणार, यावर एक ओळ नव्हती.

त्यानंतर काही महिन्यांनी कंपनीनं पाच दिवसांच्या डिझाइन प्रशिक्षणाला पाठवलं. मला वाटलं, नव्या कमांड शिकवतील. सरांनी पहिल्या दिवशी एका कल्पित कंपनीची दोन पानी माहिती हातात दिली आणि म्हणाले, हिच्या मालकाला काय काय विचाराल ते लिहा. मी नऊ प्रश्न लिहिले, नऊच्या नऊ यंत्रांबद्दलचे. माणसांबद्दल एकही नव्हता. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे आणि दर बॅचला दाखवतो.

आता मी मुलांना देतो ती संस्थाही कल्पित आहे, पण आपल्याकडची वाटेल अशी: एक पतसंस्था, ३०० कर्मचारी, १४ शाखा, मुख्य कार्यालय यवतमाळला. एक जण मॅनेजर होतो, एक जण खेड्यातल्या शाखेतला क्लार्क, बाकीचे विचारतात. मार्चअखेरीला मेलचं काय होतं? शाखेतली लाइट गेली तर मेल कशावर बघता? क्लार्क मोबाइल कुणाचा वापरतो, स्वतःचा की संस्थेचा? कुणी नोकरी सोडली तर त्याच्या मेलबॉक्सचं काय करता? तीन वर्षांपूर्वीचा मेल कोर्टानं मागितला तर काढून देता येईल का? या शेवटच्या प्रश्नावर मॅनेजर झालेला मुलगा हमखास गप्प होतो. खऱ्या बैठकीतही तसंच होतं. ती शांतता टिपून ठेवायची, कारण तिथंच तुमच्या आराखड्याचं पहिलं काम सापडतं.

कायद्याचं इथंच विचारून घ्यायचं. सर्ट-इन ही केंद्र सरकारची सायबर सुरक्षेची संस्था. तिच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सिस्टीमचे लॉग १८० दिवस जपावे लागतात आणि सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांच्या आत कळवावी लागते. (हे लॉग म्हणजे सिस्टीमवर कुणी कधी काय केलं याच्या नोंदी, वर सांगितलेले डेटाबेसचे वेगळे. मुलांचा इथं गोंधळ होतो.) १८० दिवसांचा आकडा आला की त्याला जागा लागते, आणि ६ तासांचा आकडा आला की रात्री फोन कोण उचलणार हे ठरवावं लागतं.

मग हिशेब. मुलांना हा भाग अवघड वाटतो, पण शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाला एकरी बियाणं किती लागेल हे कुणी शिकवावं लागत नाही, त्यापेक्षा यात वेगळं काही नाही. एका माणसाचे रोज येणारे-जाणारे मिळून ६० मेल धरा, सरासरी आकार ७५ केबी. ३०० माणसांचे रोज १८,००० मेल, म्हणजे साधारण १.३ जीबी. वर्षाचे कामाचे २५० दिवस धरले तर सव्वातीनशे जीबी. डेटाबेसच्या दोन प्रती ठेवायच्या तर दुप्पट. डिलीट केलेले मेल एक्सचेंज मुळातच १४ दिवस मागं ठेवतं, शोधासाठीची अनुक्रमणिका वेगळी जागा खाते, ते वर धरायचं. आणि रोज १.३ जीबी म्हणजे रोज निदान १,३०० लॉग फाइल. आता विचारा, बॅकअप किती दिवस फसला तरी आपण तग धरला पाहिजे? तीन? सात? त्या आकड्यानं गुणलं की लॉगच्या डिस्कचं माप निघालं. ज्या रात्रीबद्दल वर लिहिलं, तिथं हा गुणाकार कुणी केलाच नव्हता.

शाखेच्या लाइनचाही हिशेब असाच. क्लार्क कर्जदाराचा सातबारा, आधार, फोटो स्कॅन करून १० एमबीची फाइल मुख्य कार्यालयाला पाठवतो. मेलमध्ये जोडताना फाइलचं अक्षरांत रूपांतर होतं, दर तीन बाइटची चार अक्षरं, त्यामुळे तीच फाइल साडेतेरा एमबीच्या आसपास जाते. अपलोड २ एमबीपीएस असेल तर लाइन पूर्ण मोकळी असतानाही जवळपास एक मिनिट. एकाच वेळी पाच जणांनी पाठवली तर साडेचार मिनिटं, आणि तेवढा वेळ काउंटरवर लोक उभे. मागच्या बॅचमधल्या एकानं यावर अटॅचमेंटची मर्यादा १० वरून ५ एमबी करा असं सुचवलं. दुसऱ्यानं विचारलं, "स्कॅन रंगीत काहून करता? काळा-पांढरा केला तर?" मला दुसरं उत्तर जास्त आवडलं. त्यानं क्लार्कचं काम अडवलं नाही.

स्कॅनरवरून आठवलं. संस्थेत मेल कोण कोण पाठवतं, असं विचारलं की सगळे कर्मचाऱ्यांची यादी देतात. पण झेरॉक्सचं मशीन स्कॅन करून मेल पाठवतं, सीसीटीव्हीचा डबा सूचना पाठवतो, यूपीएस पाठवतो, पगारपत्रकाचं सॉफ्टवेअर पाठवतं, आणि ठेवीदारांना व्याजाच्या पावत्या पाठवणारी बाहेरची एजन्सी तुमच्याच डोमेनच्या नावानं पाठवते. यांची यादी बसून मिळत नाही. प्रत्येक शाखेत फिरावं लागतं, टेबलाखाली वाकून बघावं लागतं.

ही यादी नसेल तर पुढचं सगळं कोलमडतं. तुमच्या नावानं मेल पाठवायचा अधिकार कुणाला आहे हे एसपीएफच्या नोंदीत जाहीर करायचं असतं. डीकेआयएम प्रत्येक मेलवर सही करतं. या दोन्हींत न बसणाऱ्या मेलचं काय करायचं ते डीमार्क सांगतं. जीमेलला दिवसाला ५,००० च्या वर मेल पाठवणाऱ्यांना फेब्रुवारी २०२४ पासून तिन्ही लागतात. नवशिक्याच्या दोन चुका मी पुन्हा पुन्हा पाहिल्या आहेत. एकाच डोमेनला एसपीएफच्या दोन नोंदी टाकणं, त्यानं दोन्ही बाद होतात. आणि एका नोंदीत इतक्यांना सामावून घेणं की १० डीएनएस शोधांची मर्यादा ओलांडली जाते (डीएनएस म्हणजे इंटरनेटची नाव-पत्त्यांची वही). तिसरी चूक उत्साहाची: पहिल्याच दिवशी डीमार्क 'रिजेक्ट'वर, म्हणजे न बसणारा मेल थेट नाकारण्यावर, लावणं. आधी 'नन'वर ठेवा, म्हणजे काही न अडवता नुसतं बघा, काही आठवडे अहवाल वाचा, विसरलेलं झेरॉक्सचं मशीन त्यात सापडेल.

घरी सरावाचं काय, हे सगळे विचारतात. एक्सचेंज २०१९ च्या मेलबॉक्स सर्व्हरला मायक्रोसॉफ्टनं १२८ जीबी रॅम सुचवली होती, आपल्या लॅपटॉपवर ते जमणारं नाही. त्याचं वाईट वाटून घेऊ नका. दोन छोट्या लिनक्स व्हर्च्युअल मशीन (लॅपटॉपच्या आतच चालणारे कल्पित संगणक) बनवा, दोन्हींवर मेल पाठवणारं-घेणारं पोस्टफिक्स आणि मेलबॉक्स सांभाळणारं डव्हकॉट टाका, एक स्वतःचा डीएनएस उभा करा. ८ जीबीच्या लॅपटॉपवर हे आरामात चालतं आणि एकदा टाकून झालं की इंटरनेटही लागत नाही. मग टेलनेटनं, म्हणजे दुसऱ्या मशीनशी टाइप करून बोलायच्या साध्या प्रोग्रामनं, पोर्ट २५ ला, सर्व्हरच्या मेल घ्यायच्या दाराला, जोडा आणि एक मेल हातानं पाठवा. समोरून २२० येतो, म्हणजे तयार आहे. तुम्ही ईएचएलओ म्हणता, म्हणजे नमस्कार, तो २५० देतो, म्हणजे ठीक. पाठवणारा सांगता, २५०. घेणारा सांगता, २५०. डेटा म्हणता, तो ३५४ देतो, म्हणजे बोला आता. मजकूर लिहून एकट्या ओळीवर एक टिंब दिलं की पुन्हा २५०, मेल स्वीकारला. आता तोच मेल उघडून बघा. सर्व्हरला सांगितलेला पाठवणारा आणि मजकुरात 'फ्रॉम' म्हणून लिहिलेला पाठवणारा वेगवेगळे असू शकतात, हे स्वतःच्या बोटांनी केल्यावरच पटतं. फसवे मेल कसे येतात आणि डीमार्क का लागतं, हे त्या दिवसानंतर कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

नकाराचे आकडे मात्र मला एका नेरच्या मुलीनं शिकवले, म्हणजे आकडे मला येत होते, समजावणं तिचं. ४ नं सुरू होणारं उत्तर तात्पुरतं, ५ नं सुरू होणारं कायमचं. ती म्हणाली, "सीसीआयच्या सेंटरवर कापसाची गाडी नेली नं दादा, तर काटा बंद हाय, उद्या या, हे झालं चारचं. ओलावा १२ टक्क्यांच्या वर हाय, घेता येत नाही, हे झालं पाचचं." अगदी हेच. चार मिळालं तर पाठवणारा सर्व्हर गाडी रांगेतच ठेवतो, पुन्हा पुन्हा विचारतो. निदान चार-पाच दिवस प्रयत्न करावा असं मेलच्या अधिकृत नियमावलीतच लिहिलेलं आहे. माझ्या त्या रात्री बाहेरून आलेले मेल यामुळेच वाचले. पाच मिळालं तर गाडी लगेच परत.

सर्टिफिकेटबद्दल माझं मत स्पष्ट आहे. घ्या, पहिली मुलाखत मिळायला त्याचा उपयोग होतो, पण कर्ज काढून घेऊ नका. माझ्या उमेदीच्या काळात एमसीएसई म्हणजे सगळं होतं. मायक्रोसॉफ्टनं ते ३१ जानेवारी २०२१ ला बंद केलं. एक्सचेंज २०१६ आणि २०१९ दोन्हींचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. एसएमटीपी, म्हणजे सर्व्हरनं सर्व्हरला मेल द्यायची ती नियमावली, १९८२ ची, २००८ ला नव्यानं लिहिली गेली, आणि टेलनेटवर तुम्ही टाइप केलेल्या आज्ञा, नंतर आलेली ईएचएलओ सोडली तर, तशाच आहेत. वेळ कुठं घालवायचा ते यावरून ठरवा.

"आता तर सगळं क्लाउडवर गेलं, मग आपण कायले शिकायचं?" हाही प्रश्न येतो. मायक्रोसॉफ्ट ३६५ घ्या, गूगल वर्कस्पेस घ्या, झोहो घ्या, डिस्कची काळजी जाते हे खरं. डोमेन तुमचंच राहतं. शाखेची लाइन, सोडून गेलेल्या माणसाचा मेलबॉक्स, कोर्टाला द्यायचे जुने मेल, झेरॉक्सचं मशीन, हे सगळं तुमच्याच दारात राहतं. शिवाय जुन्यातून नव्यात जायचं असतं. त्या दिवसाच्या आधी एमएक्स नोंदीचा (तुमचा मेल कुठल्या सर्व्हरवर द्यायचा ते सांगणारी डीएनएसची नोंद) टीटीएल, म्हणजे ती नोंद इतरांनी किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आणून ठेवा, म्हणजे वळण घेतल्यावर जग लवकर नव्या पत्त्यावर येईल.

इंग्रजीची धास्ती बाळगणाऱ्यांसाठी एक सांगतो. प्रश्न आधी मराठीत लिहा, अगदी वऱ्हाडीत लिहा. मला साहेबांना इंग्रजीत विचारायला जमलं नाही म्हणून कितीतरी प्रश्न मी सुरुवातीला गिळले, आणि ते पुढं महागात पडले. कागदावर प्रश्न पक्का झाला की त्याचं सोपं इंग्रजी करायला मित्र मिळतो. आराखडा लिहिताना प्रत्येक निर्णयासमोर कारण लिहा, आणि कोणता पर्याय का सोडला तेही. मुलाखतीत, बैठकीत, सगळीकडे "का?" हेच विचारतात.

शेवटच्या रविवारी आम्ही बॅकअपमधून एक मेलबॉक्स परत आणतो. मोबाइलवर घड्याळ लावून, पहिल्या मिनिटापासून. मागच्या बॅचला ५२ मिनिटं लागली. त्यातली २० मिनिटं बॅकअपचा पासवर्ड शोधण्यात गेली, तो एकाच्या वहीत होता आणि तो त्या दिवशी लग्नाला गेला होता. मुलं म्हणाली, ती २० मिनिटं वजा करू. मी वजा करू दिली नाहीत. आराखड्यात ५२ लिहिलं, आणि त्याखाली पासवर्डची बंद पाकिटातली प्रत कुठल्या कपाटात राहील आणि किल्ली कोणत्या पदाच्या माणसाकडे, ते.