चिप कंपनी येणार ऐकून जमीन विकताय? आधी हे बघा

चिपची फॅक्टरी येतेय, आत्ताच सही करा, असं एजंट सांगत फिरतो आणि माणसं कलमांची बाग देऊन मोकळी होतात, म्हणून कळकळीने लिहितोय.

पहिलं बघायचं ते मंजुरीचं. सामंजस्य करार झाला म्हणजे फॅक्टरी आली असं नाही. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये चिप उद्योगासाठी ७६,००० कोटींची योजना आणली, आता त्यात फॅबच्या (म्हणजे चिप बनवायच्या कारखान्याच्या) खर्चाचा ५० टक्के भार केंद्र उचलतं, वर राज्य आपलं देतं, परदेशी कंपन्या येतात त्या यामुळेच. पण त्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळाची मंजुरी लागते, ती झालीय का एवढंच विचारा. वेदांता आणि फॉक्सकॉन या कंपन्यांच्या चिप फॅक्टरीचं आधी पुण्याजवळच्या तळेगावला चाललेलं, २०२२ मध्ये ते गुजरातला गेलं आणि जुलै २०२३ ला फॉक्सकॉन त्यातूनही बाहेर पडली. तेच गुजरातेत साणंदला मायक्रॉन या अमेरिकन कंपनीच्या चिप जोडणी-तपासणीच्या कारखान्याला जून २०२३ ला मंजुरी मिळाली, २.७५ अब्ज डॉलरचा प्रकल्प, ५० टक्के केंद्र, २० टक्के गुजरात, आणि तो उभा राहिला.

मग पाणी. चिप धुवायला अतिशुद्ध पाणी लागतं, तेही बारा महिने, वीज तर क्षणभरही जाऊन चालत नाही. आपल्याकडे पाऊस धो धो, पण मे महिन्यात वाडीवर टँकर येतो ना? मग पाणी कुठल्या धरणातून आणणार ते ग्रामसभेत विचारा.

एमआयडीसी जमीन घेणार असेल तर गट नंबरासकट नोटीस येते. ती हातात नसताना सातबारा कोणाला देऊ नका, आणि मुंबईच्या भावंडांना विचारल्याशिवाय सही तर नकोच.