बेळगावात मॅरेथॉन पळताय? या चुका टाळा

मुंबई-पुण्याच्या मॅरेथॉनमध्ये चुकलेल्या माणसाला सांभाळून घेणारं बरंच काही असतं. शेवटपर्यंत बरोबर पळणारी माणसं असतात, हातात वेळेचा फलक घेतलेले पेसर असतात, थोड्या थोड्या अंतरावर पाणी असतं, रस्ता वाहनांना बंद असतो. बेळगाव, निपाणी, खानापूर, चिकोडी अशा ठिकाणी सुरुवातीला मैदान भरलेलं दिसतं, पण त्यात तीन, पाच आणि दहा किलोमीटरवाल्यांचाच भरणा असतो. दहावाले वळून गेले की एकवीसच्या, म्हणजे अर्धमॅरेथॉनच्या, रस्त्यावर पुढं लांब एखादी पाठ दिसते, मागं वळून पाहिलं तर कुणीच नसतं. तिथून पुढं पाणी, वेग, रस्ता सगळं आपलं आपल्याला बघावं लागतं. इथं लोकांचं बिनसतं ते याच टप्प्यात, आणि त्याची सुरुवात आदल्या संध्याकाळपासून झालेली असते.

भरतीच्या वेगानं सुटणं

सीमाभागात पळणारी पोरं बहुतेक भरतीच्या तयारीतली. बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, घरटी नाही तरी गल्लीत एखादा फौजी आहे, त्यामुळं पहाटे पळणं ही इथली जुनी सवय. कॅम्पातल्या (लष्करी छावणीच्या भागातल्या) रस्त्यांवर, हिंडलगा-उचगावच्या बाजूला, येळ्ळूरच्या चढावर, खानापूर-चंदगडच्या गावागावांत ही पोरं अंधारात पळताना दिसतात. त्यांच्या पायात दम आहे यात शंकाच नाही. पण सैन्यभरतीला पळायचं असतं १६०० मीटर, आणि पोरं सराव करतात तो साडेपाच मिनिटांच्या हिशेबानं. म्हणजे किलोमीटरला साडेतीन मिनिटांहून कमी. हाच वेग २१ किलोमीटर टिकवायचा म्हटलं तर अर्धमॅरेथॉन सव्वा तासाच्या आत संपते. वर्षानुवर्षं लांब पल्ल्याचा सराव केलेल्यालाच ते जमतं.

सुरुवातीची शिट्टी वाजली की ही पोरं सुटतात, आणि त्यांच्या मागं चाळिशीतले आपणही सुटतो. पहाटेचा गारवा असतो, कॅम्पात झाडांची सावली, रस्ता बरा, त्यामुळं पहिले तीन किलोमीटर कसे गेले ते कळतच नाही. या वेगात स्नायूंमधली साखर भराभर संपते. मग बाराव्या-तेराव्या किलोमीटरला पाय जड होतात, ऊनही तेव्हाच लागायला लागतं.

यावर उपाय म्हणजे घरूनच आकडा ठरवून निघणं. अर्धमॅरेथॉनचं अंतर २१.०९७५ किलोमीटर. अडीच तासांत संपवायची असेल तर किलोमीटरला ७ मिनिटं ६ सेकंद पडतात, म्हणजे पहिले पाच किलोमीटर साडेपस्तीस मिनिटांत झाले पाहिजेत. घड्याळात एकतीस दिसले तर तुम्ही कमाई केलेली नाही, पुढं फेडायचं कर्ज काढलंय. घड्याळ नसेल तर बोलून बघा. पहिल्या तीन-चार किलोमीटरमध्ये शेजारच्याशी एक अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे.

आणि जोरात सुटून बसलाच असाल, तर ते लक्षात येईल त्याच क्षणी वेग कमी करा, पुढच्या पाण्यापर्यंत ओढत नेऊ नका. दोन मिनिटं चाला, घोटभर पाणी घ्या, मग चार मिनिटं पळणं आणि एक मिनिट चालणं असं लावून धरा. चालण्यात कमीपणा नाही. पंधराव्या किलोमीटरनंतर रडतखडत जाणाऱ्यापेक्षा असा पळणारा बऱ्याचदा लवकर पोचतो.

रस्ता न बघता उभं राहणं

छोट्या शहराचा हा मोठा फायदा आहे आणि फार थोडे लोक तो घेतात. शनिवारी बिब (छातीवर लावायचा नंबरचा कागद) आणि टी-शर्ट आणायला जाताच ना? तिथूनच स्कूटीवर मार्गाची एक फेरी मारा. तासाभरात होते.

बघायचं काय? हंप कुठं आहेत, आणि त्यांवरचा पांढरा पट्टा उडालाय का. डिसेंबर-जानेवारीत बेळगावात सूर्य सातच्या आसपास उगवतो, त्यामुळं सहाला सुटणाऱ्या शर्यतीचा पहिला तास अंधुकच असतो. न दिसलेला हंप घोटा मुरगाळायला पुरेसा आहे. मार्गात रेल्वे गेट आहे का ते बघा. टिळकवाडीच्या गेटवर कोण किती वेळ अडकलंय ते बेळगावकरांना वेगळं सांगायला नको. शर्यतीच्या वेळी गेट पडलं तर थांबायचं, खालून वाकून जायचं नाही, वेळ कितीही जाऊ दे. चढ कुठं लागतो, सावली कुठं संपते, स्वच्छतागृह असलेला पेट्रोल पंप कुठं आहे, हेही बघून ठेवा. बायकांसाठी हा शेवटचा मुद्दा फार महत्त्वाचा आहे. आयोजक सुरुवातीच्या ठिकाणी सोय करतात, मधल्या वीस किलोमीटरचा विचार क्वचितच होतो. आपल्या भगिनी त्यासाठी पहाटेपासून पाणीच पीत नाहीत, आणि मग उन्हात चक्कर येते. आयोजकांना हे आधी विचारा, चार जणींनी मिळून विचारा.

सगळ्यात जास्त घोळ होतो यू-टर्नवर. तिथं उभी असलेली कॉलेजची मुलं दहावाल्यांना वळवत असतात आणि त्याच ओघात एकवीसवालाही वळतो. लांबूनच हात वर करून 'एकवीस, एकवीस' असं ओरडत या, बिब दिसू द्या. तरीही चुकलात, तर जिथं चुकलात तिथंच परत या आणि खरा मार्ग धरा. मधल्या गल्लीतून कापून पुढं निघालात तर मधल्या मॅटवर (बिबवरची चिप वाचून वेळ टिपणाऱ्या, रस्त्यावर अंथरलेल्या पट्टीवर) तुमची नोंदच होत नाही, आणि वेळ बाद धरली जाते.

रस्ता पूर्ण बंद असेल असं कधीच गृहीत धरू नका. निपाणी, चिकोडी, संकेश्वरच्या पट्ट्यात स्पर्धा हिवाळ्यात असेल तर तोच उसाचा हंगाम असतो. एका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, बाहेर आलेला ऊस, आणि चालकाच्या डोक्यावर मोठ्यानं लावलेलं गाणं. त्याला तुमचा आवाज येत नाही. वळणावर मागची ट्रॉली आत कापत येते, म्हणून वळणाच्या आतल्या बाजूला ट्रॉलीच्या शेजारी कधीही पळू नका. दोन पावलं थांबा, जाऊ द्या. कानात इअरफोन तर नकोतच. एकट्यानं सराव करताना रस्त्याच्या उजव्या कडेनं पळा, म्हणजे समोरून येणारं वाहन दिसतं.

कुत्री मागं लागली तर पळू नका. थांबा, डोळ्याला डोळा देऊ नका, हळूहळू चालत पुढं व्हा. चावलंच तर जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी रेबीजची लस सुरू करा. पदकासाठी शर्यत पुरी करायची नाही.

आदल्या रात्रीचं जेवण

चंदगड, गडहिंग्लज, खानापूरहून येणारे बरेच जण आदल्या रात्री बेळगावात पाहुण्यांकडे उतरतात. पहाटे तीनला उठून मोटारसायकलनं येण्यापेक्षा हे शंभरपट चांगलं. पण पाहुण्यांच्या घरी शनिवारची रात्र म्हटली की मटण, तांबडा रस्सा, आणि ताटाशेजारी बसलेली मावशी: "नीट जेव की, उद्या पळायचंय न्हवं तुला!" तिची माया खरी आहे, पण तिखट-तेलकट जेवण पोटात रात्रभर राहतं आणि सातव्या किलोमीटरला आठवण करून देतं. दुपारीच फोन करून सांगा, "मावशी, भात-आमटीच कर, मटण उद्या दुपारी खातो." ती ऐकते. आठच्या आत जेवा, दहाला झोपा.

खडेबाजारात जाऊन कुंदा आणि तिखट भडंग खायचा मोह बाहेरून येणाऱ्यांना होतो. तो शर्यतीनंतरसाठी ठेवा. सकाळी सुटायच्या आधी दीड-दोन तास केळं, ब्रेड-जॅम किंवा थोडे पोहे. नियम एकच पाळा: सरावाच्या लांब धावेला जे खाऊन बघितलंय तेच खायचं. मित्रानं पुढं केलेलं एनर्जी जेल पहिल्यांदाच शर्यतीत फोडू नका.

पाणी आणि ओआरएस

दोन्ही टोकांच्या चुका होतात. काही जण पाण्याला हातच लावत नाहीत. काही जण प्रत्येक टेबलावर दोन-दोन ग्लास रिचवतात. तीन-साडेतीन तास रस्त्यावर असलेल्या माणसानं नुसतं पाणीच पाणी प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. पोट डब्ब, मळमळ, डोकं दुखणं, पुढं गोंधळल्यासारखं बोलणं, ही त्याची लक्षणं. लोक याला पाणी कमी पडलं समजून आणखी पाणी पाजतात आणि धोका वाढतो. तहान लागेल तेवढं, घोट घोट प्या.

ओआरएसच्या मोठ्या पुडीत २०.५ ग्रॅम पावडर असते आणि ती एक लिटर पाण्यासाठी असते. अर्धी पुडी अंदाजानं पाव लिटरच्या बाटलीत ओतून ढवळलं की द्रावण दुप्पट कडक होतं, आणि त्यानं पोट बिघडतं. घरीच लिटरभर करून त्यातून बाटली भरून घ्या. दुकानात मिळणारी गोड खोक्यातली पेयं म्हणजे ओआरएस नव्हे, पुडीवरचा मजकूर वाचून घ्या. आणि आयोजकांनी पाण्याची टेबलं दाखवली असली तरी कंबरेला छोटी बाटली असू द्या. मागं राहणाऱ्यांपर्यंत टेबलावरचं पाणी संपलेलं असतं, हे छोट्या स्पर्धांत होतं.

सकाळी 'आधीच घेऊन ठेवू' म्हणून वेदनाशामक गोळी घेण्याची पद्धत फोफावली आहे. ती बंद करा. अंगातलं पाणी कमी झालेलं असताना आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या मूत्रपिंडाला इजा करू शकतात. गेल्या काही दिवसांत ताप येऊन गेला असेल तर शर्यत सोडा. फी बुडाली तरी चालेल.

बूट, टी-शर्ट, बिब

नवे बूट नकोत, आणि स्पर्धेत मिळालेला नवा टी-शर्टही नको. त्याच्या शिवणीनं काख सोलवटते. जुना, धुतलेला घाला, घासणाऱ्या जागी व्हॅसलीन लावा. बिब छातीवर समोर, चार कोपऱ्यांना चार पिना. चिप बहुतेक बिबच्याच मागं चिकटवलेली असते, म्हणून ते दुमडू नका. मागच्या बाजूला रक्तगट आणि घरच्यांचा नंबर लिहा. आपला बिब दुसऱ्याला देऊ नका. तो घालून पळणारा वाटेत पडला तर डॉक्टर तुमच्या नावानं उपचार करतील आणि फोन तुमच्या घरी जाईल.

वाटेत बिघडलं तर

पोटरीत गोळा आला तर कडेला या, गुडघा सरळ ठेवून पायाची बोटं हातानं हळू स्वतःकडं ओढा, वीस-तीस सेकंद धरा. झटका देऊ नका. मग थोडं चाला. स्प्रेनं कातडी गार पडते, थकलेला स्नायू थकलेलाच राहतो, तेव्हा स्प्रे मारून लगेच सुटू नका. बरगडीखाली कळ आली तर वेग उतरवा आणि खोल श्वास सोडा, ती जाते.

छातीत दाब, हातात किंवा जबड्यात कळ, डोळ्यांपुढं अंधारी, घाम एकदम थांबणं किंवा थंडी वाजणं यांपैकी काहीही झालं तर तिथंच थांबा आणि जवळच्या माणसाला सांगा. स्वयंसेवक नसेल तर दूधवाल्याला सांगा, दारात सडा घालणाऱ्या बाईला सांगा. आपल्याकडं कुणी नाही म्हणणार नाही. चाळिशी ओलांडलेल्यांनी, आणि घरात कुणाला हृदयविकार असेल त्यांनी, नाव नोंदवण्याआधी डॉक्टरांकडून तपासून घ्यावं.

घड्याळ आणि निकाल

घड्याळ २१.४ दाखवतं म्हणून आयोजकांशी वाद घालणारे दर वर्षी भेटतात. कॅम्पातल्या दाट झाडीखाली जीपीएस भरकटतं, आणि वळणं बाहेरून घेतली की अंतर खरंच वाढतं. प्रमाणित मार्ग सायकलच्या चाकाला मोजणी यंत्र लावून, सगळ्यात जवळच्या रेषेनं मोजतात आणि त्यात हजारी एक भाग जास्त धरतात. एकवीसला साधारण २१ मीटर. छोट्या स्पर्धांचे मार्ग बहुधा असे प्रमाणित नसतात, म्हणून इथली वेळ मोठ्या स्पर्धेच्या वेळेशी ताडून बघू नका.

निकालात नाव नसेल तर त्याच दिवशी बिब नंबर, शेवटच्या रेषेवरचा फोटो आणि घड्याळाची नोंद पाठवून सभ्यपणे विचारा. गन टाइम (शर्यत सुटल्यापासूनची वेळ) आणि चिप टाइम (तुम्ही सुरुवातीची रेषा ओलांडल्यापासूनची वेळ) वेगळे असतात, तेही आधी बघा. बक्षिसं बऱ्याच ठिकाणी गन टाइमवर ठरतात, म्हणून क्रमांकासाठी पळणाऱ्यांनी पुढं उभं राहावं.

परतीचा रस्ता

शेवटची रेषा ओलांडली की लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा. ओला टी-शर्ट बदला, थंडीत वारा बोचतो. मग नाश्ता.

त्यानंतर मोटारसायकलला किक मारून निपाणी किंवा चंदगड गाठायची घाई करू नका. महामार्गावर ब्रेक दाबताना पोटरीत गोळा आला तर पाय उचलत नाही, आणि पहाटे उठलेल्या डोळ्यांवर दुपारी झापड येते. गाडी बरोबरच्या न पळलेल्या माणसाला चालवायला द्या. तसं कुणी नसेल तर मावशीकडं जेवून दोन तास झोपा आणि ऊन उतरल्यावर निघा.